नावापुढचा कंस

माझे वडील, नाना, गेले त्याच्या चौथ्या दिवशी गंधमुक्तीच्या पत्रिकेचं प्रूफ फोनवर आलं. आमच्याकडे तेराव्याच्या पत्रिकेत घरच्या माणसांची नावं छापतात आणि प्रत्येक नावापुढे कंसात हुद्दा लिहितात. राजेंद्र काका (साखर कारखाना). भाऊ नवनीत (प्लांट इंजिनिअर, अंकलेश्वर). त्याच्या खाली मी, कु. दीपमाला (डेप्युटी कलेक्टर).

मी ते दोनदा वाचलं. मग ओट्यावर गेले. काका तिथे पत्रिका कोणत्या गावाला कोण नेणार याची यादी करत बसले होते.

"काका, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, फोन हातभर लांब धरला. "बराबर शे की."

"मी डेप्युटी कलेक्टर नाही."

"व्हशीन ना."

"परीक्षा सोडून दोन वर्षं झाली, काका. मी अभ्यासिका सांभाळते."

"तठे तू काय करस? पोरं वाचतस आन् तू पंखा बंद करस."

ते फार चूक बोलले नव्हते. शहाद्यात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर साठ खुर्च्या आहेत. मी त्यांना क्रमांक लावते, फोनवर बोलणाऱ्यांना जिन्यात पाठवते, वर्तमानपत्रं लावून ठेवते. उरलेल्या वेळात वाचते. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मी परीक्षेत न येणारी पुस्तकं दिवसाउजेडी वाचते आहे.

सहा वर्षांची असताना मला बसस्थानकावर गाड्या पुकारणारी बाई व्हायचं होतं. नाना मला शहाद्याला न्यायचे, तेव्हा मी त्या खिडकीखाली उभी राहून तोंडातल्या तोंडात सगळी गावं म्हणायची. नाना हसायचे. सातवीत मी डॉक्टर होणार असं ठरलं. बारावीत गुण कमी पडले, तेव्हा इंजिनिअर. तेही फसलं आणि मी बी.ए. झाले, मग नाना म्हणाले, साहेब हो. हे सगळं माझ्यावर लादलं, असं मला म्हणता येत नाही. दर वेळी मी मान हलवली होती. मला ते आवडतही होतं. पाहुण्यांसमोर नाना सांगायचे आणि मी आतून चहा घेऊन यायची, तेव्हा माझी पावलं वेगळी पडायची.

"आन् हाई मी नही लिखेल," काका म्हणाले. "तुन्हा बापनी लिखेल शे. जाय, दिनेशले इचार."

दिनेशचा छापखाना शहाद्याला आहे. मी दुपारच्या गाडीने गेले. त्याने खण उघडून वहीचा एक कागद काढला. होळीच्या सुमारास नाना स्वतः येऊन देऊन गेले होते म्हणे. दवाखान्यातून परस्पर. हातात रिपोर्टांची पिशवी होती.

"मी बोललो, नाना, असं काय अभद्र करता? तर म्हणे, राजेंद्रनं अक्षर खराब शे, तो चुका करी. तारीख तेवढी तू टाकजो."

अक्षर नानांचंच होतं, प्रत्येक ओळीखाली बारीक रेघ. माझ्या नावापुढे कुठे खाडाखोड नव्हती. विचार करून लिहिलेलंही दिसत नव्हतं. सरळ, एका दमात लिहिलेलं.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना केळीच्या बागेत सांगितलं होतं. ते ठिबकच्या नळ्या तपासत होते. मी म्हटलं, नाना, मी आता परीक्षेला बसणार नाही, माझ्याच्यानं होत नाही. ते म्हणाले, "बरं." मग विचारलं, तिकडचा कॉक बंद केला का. मला वाटलं, किती सहज घेतलं. मैत्रिणींना मी हे कौतुकाने सांगितलं होतं.

छापखान्याच्या पायरीवरून नवनीतला फोन लावला. तिसऱ्या दिवसाचं उरकून तो कंपनीत परतला होता, दहाव्याला पुन्हा येणार होता.

"माझं राहू दे हं दीपा," कंसाचं ऐकताच तो आधी म्हणाला. "सासरचे येणार आहेत."

त्याने डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला. तो कंपनीत शिफ्टला पंपांवर असतो. लहानपणी त्याला विमान चालवायचं होतं आणि ते आता तो स्वतःच जोक म्हणून सांगतो.

"तुझं मी कशाला खोडू? माझं खोडते आहे."

"तुझंही राहू दे की. कोण वाचतं?"

"कोणी वाचत नाही तर लिहायचं कशाला?"

"नानांची इच्छा होती गं."

"आणि मी त्यांना सांगितलं होतं, त्याचं काय?"

त्याच्या मागे कसलंतरी यंत्र चालू होतं. "शिफ्ट सुरू होते," म्हणाला.

दिनेशला माझा राग आला असावा. "नानांचं अक्षर मी नाही खोडणार, ताई." मग मीच त्याचा लाल पेन घेतला. कंसातले शब्द खोडले. वर लिहिलं, (अभ्यासिका, शहादा). दिनेश म्हणाला, "फक्त एवढंच?" मी म्हटलं, एवढंच आहे.

पत्रिका आल्या. काकांनी गठ्ठा उचलला आणि माझ्याशी न बोलता मोटरसायकलवर निघून गेले. आईने पत्रिका हातात घेऊन बोट फिरवत सगळी नावं वाचली. माझ्या नावावर बोट जरा थांबलं. "त्यासले हाई नही चालतं," ती म्हणाली आणि पत्रिका देवळीत ठेवली.

तेराव्याला सकाळपासून माणसं येत होती. दुपारी पंगती उठल्यावर करमसिंग आला. तोरणमाळच्या खालच्या पाड्यावरचा. दर वर्षी आमच्याकडे केळीच्या कामाला यायचा. जीपने शहाद्याला, तिथून बसने, असा पोचला होता. नानांच्या फोटोला नमस्कार करून तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"ताई, तुमची ऑर्डर कधी निघणार?"

"कसली ऑर्डर?"

"साहेबाची. नाना बोलले होते, पोरगी पास झाली, ऑर्डर बाकी आहे. आली की तुझा कागद पहिला."

मी पिशवी घेतली. आत त्याच्या वनजमिनीच्या दाव्याचं पत्र होतं. पुरावा अपुरा म्हणून दावा नामंजूर. अपील करायचं असल्यास पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांत. पत्रावरची तारीख सात महिन्यांपूर्वीची होती.

"करमसिंग, अपील केलं का?"

"नाही ना. पाड्यावरचे दोघं जण करून आले. मला बोलले, चल. मी बोललो, तुम्ही जा. आपल्या नानाची पोरगी साहेब आहे, मला काय घाई?" तो हसला. "नानाला परत विचारलं होळीला. बोलले, थांब जरा."

होळीला. तेव्हा नानांना सगळं माहीत होतं. माझं आणि स्वतःचंही.

स्वतः खोडलेल्या कागदाकडे बघणं आणि या माणसाच्या तोंडाकडे बघणं, यात फार अंतर आहे. छापखान्यात मी स्वतःला खरी समजले होते.

"मी साहेब नाही, करमसिंग. कधीच झाले नाही. मला परीक्षा सोडून दोन वर्षं झाली."

त्याला ते चटकन कळलं नाही. माझ्याकडे, मग फोटोकडे बघितलं. "मंग ऑर्डर?"

"ऑर्डर नाही. निघणारच नव्हती."

"नानाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

त्याने पिशवी माझ्या हातातून हळूच घेतली. कागद आतल्या आत सारखे केले. आवाज न चढवता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्याने विचारलं, "मंग नाना माझ्याशी खोटं बोलले का, ताई?"

उंबऱ्यात आई उभी होती. त्याच्यासाठी वाढलेलं ताट तिच्या हातात होतं.

"हो," मी म्हटलं.

आईने ताट करमसिंगपुढे ठेवलं. "जेव, भाऊ," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता आत गेली.