तिसऱ्या मजल्यावरचे दोनशे हात

"ज्यांचे पाचही दिवस बरोबर आले, त्यांनी हात वर करा," त्रिकाल सर म्हणाले आणि सगळा हॉल हातांनी भरून गेला.

माझ्यासोबत आलेल्या सरलाकाकू सोडल्या तर खाली राहिलेला एकही हात मला दिसला नाही. पुढच्या रांगेत मिलमधले फोरमन होते, मागे रिक्षावाले, मेडिकलवाले, कडेला आम्ही बायका. गायत्री माझ्या मांडीवर झोपली होती, तिचं डोकं डाव्या हातावर होतं, म्हणून मी उजवा वर केला. शेजारी बसलेल्या काकूंनी माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं आणि पदर सावरून त्या जरा पुढे सरकून बसल्या.

"दोनशे," सर म्हणाले. "दोनशे लोक, पाच दिवस, एकही चूक नाही. याला नशीब म्हणायचं का?"

लोक 'नाही' म्हणाले. मीही म्हणाले.

हॉल पांडेसऱ्याला, जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या कॉम्प्लेक्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर. स्टेजवर तीन स्क्रीन, त्यांच्यापुढे तेवणारी समई, आणि मधल्या खुर्चीत मरून जाकिटातले सर. त्यांना म्हणे निफ्टीची चाल आदल्या रात्री ध्यानात दिसते. आषाढातल्या एका सोमवारी माझ्या फोनवर सकाळी नऊला मेसेज आला होता: 'आज बाजार वर जाईल. त्रिकाल.' बाजार उघडतो सव्वानऊला, आणि त्या दिवशी तो वर गेला. मंगळवारी 'खाली' आला, खरा ठरला. शुक्रवारपर्यंत पाचही खरे. शेवटचे दोन दिवस तर मी फोनकडे बघत राहिले आणि दूध उतू गेलं. शनिवारी निमंत्रण आलं: 'तुमची निवड झाली आहे. कोणालाही सांगू नका, कोणालाही मेसेज दाखवू नका. दाखवल्याने विद्या सांडते.'

वर्गाचं नाव 'नवशिक्यांसाठी शेअर बाजार'. शिकवणं असं होतं: "ही कॅंडल. कॅंडल म्हणजे काय? दिवा. हिला वात असते. वात सगळ्यांना दिसते, उजेड ज्याला गुरू आहे त्यालाच दिसतो. नवशिक्याने पहिला नियम पाळायचा, शंका घ्यायची नाही. शंका घेतली की समजा स्टॉपलॉस लागला, नफा तिथेच तुटला." मागून कोणी तरी विचारलं की बॅलन्सशीट कशी वाचायची. सर हसले. "आईचं दूध पिताना तुम्ही बॅलन्सशीट वाचली होती का?" हॉल हसला. मी बी.कॉम. आहे, बॅलन्सशीट वाचून पास झाले आहे, आणि मीही हसले.

दीक्षा एकवीस हजारांची. दीक्षा घेतलेल्यांनी आपलं भांडवल सरांच्या 'सामूहिक खात्यात' ठेवायचं. ट्रेड सर करणार, आपण शांत राहायचं.

मी गायत्रीच्या सिरपची बाटली तारीख पाहिल्याशिवाय उघडत नाही. ती झोपली की तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजते, तिच्या छातीत घरघर आहे म्हणून. असं सगळं दोनदा बघणारी मी त्या हॉलमध्ये काय करत होते? एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी, एकटी गेले होते तेव्हा, खटकली होती, ती आता लिहायलाच हवी. कॉलेजात आम्ही वर्गात चाळीस जण होतो, साध्या टक्केवारीच्या गणितातही कधी चाळीसच्या चाळीस बरोबर आले नाहीत. इथे दोनशेतला एकही चुकला नव्हता. मनात आलं, एकही नाही? पण गायत्रीला इंग्रजी शाळेत घालायचं होतं, भेस्तानची भाड्याची खोली सोडायची होती. मी तो प्रश्न गिळला.

गिळून वर पुढच्या वेळी सरलाकाकूंना सोबत नेलं.

सरलाकाकू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, वाल्मिकच्या, चुलत काकू. हिलालकाका दोन वर्षांपूर्वी मिलमध्ये अपघातात गेले. भरपाईचे तीन लाख बँकेत ठेवून काकू घरी साड्यांचे धागे कापतात, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. त्यांचा फोन साधा, बटणांचा. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, पाचही मेसेज वाचून दाखवले. 'कोणाला दाखवू नका' हे घरच्यांसाठी नसावं असं मी परस्पर ठरवून टाकलं. काकू म्हणाल्या, "माले काय समजस त्यामा? तू शिकेल शे. तू सांगशी तठे सही करसू."

दीक्षेच्या फॉर्मवर कुठे सही करायची ते मी बोटाने दाखवलं. एकवीस हजार गेले. भरपाईचे पैसे सामूहिक खात्यात भरायचा मुहूर्त सरांनी काढून दिला: श्रावणातला दुसरा सोमवार, बाजार उघडायच्या आत. त्यासाठी काकूंनी एफडी मोडली.

आता त्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कानबाई होती. आम्हा खानदेशी लोकांची ही देवी श्रावणातल्या रविवारी बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, प्रसादाचे कणकेचे रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदकीतच खायचे असतात. परक्याला त्यातला घास देत नाहीत. या वर्षी रोट आमच्याकडे. पांडेसऱ्याहून, उधन्याहून सगळे आले. बारडोलीहून सुकलाल भाऊजी आले, ते साखर कारखान्यात आहेत. चार वाजेपर्यंत जिन्यात चपला मावेनात.

मी पुरण वाटत होते तेवढ्यात धुडकूआबा, माझे सासरे, फोन घेऊन आले. फोन अडकतो, आत कचरा झालाय, पुसून दे म्हणाले. आबांना मेसेज पुसता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे दोन वर्षांचे मेसेज पडून असतात. वाचल्याशिवाय काही पुसायचं नाही ही माझी सवय. मी एकेक उघडत गेले. वीज बिल, गॅस, लॉटरी. मग आषाढातला तोच सोमवार, सकाळचे तेच नऊ:

'आज बाजार खाली जाईल. त्रिकाल.'

मी हात धुतले. माझा फोन आणून आबांच्या फोनशेजारी ठेवला. नंबर एक, वेळ एक, शब्द तेच. माझ्यात 'वर', त्यांच्यात 'खाली'. आबांना नंतर एकही मेसेज आलेला नव्हता.

"हा मेसेज तुम्ही पाहिला होता का आबा?"

पाहिला होता म्हणाले. त्यांना वाटलं, भाजीबाजाराचं काही तरी असेल. त्या दिवशी वांगी काही स्वस्त झाली नाहीत, म्हणून विसरून गेले.

हा मेसेज आबांना आलाच कसा, ते मला मग आठवलं. आषाढ लागायच्या आधी भेस्तानला साड्यांच्या सेलमध्ये एक टेबल होतं. नाव आणि मोबाईल नंबर लिहा, मिक्सर जिंका. मी माझ्या एकटीचं कूपन भरून थांबले नव्हते. मिक्सर लागण्याची शक्यता वाढावी म्हणून सबंध भाऊबंदकीची अठरा कूपनं भरली होती, ओळीने, माझ्या हाताने. टेबलावरचा माणूस खूश झाला होता. म्हणाला, "भाभी, चार दिन में चौसठ सौ कूपन हो गए."

चौसष्टशेचे निम्मे बत्तीसशे. मग सोळाशे, आठशे, चारशे, दोनशे. पुरण तसंच राहिलं. बी.कॉम.ला हे गणित कोणी विचारलं असतं तर मी झोपेत सोडवलं असतं.

मी धरून ते अठराही जण आज माझ्याच घरात होते. मी सगळ्यांचे फोन मागितले. सुकलाल भाऊजी आधी नको म्हणाले, आपले मेसेज दुसऱ्याला कशाला दाखवायचे म्हणे. मी म्हटलं, "भाऊजी, रोटाच्या घरात परकं कोण आहे?" त्यांनी फोन दिला.

काहींनी मेसेज पुसले होते, पण आठवत सगळ्यांना होते. सोमवारी अठरा मेसेज: नऊ जणांना 'वर', नऊ जणांना 'खाली', अगदी मी कूपनं भरली त्याच क्रमाने, एकाआड एक. मंगळवारी ज्यांचं बरोबर आलं त्या नऊ जणांनाच पुढचा. बुधवारी चौघांना, त्यात सुकलाल भाऊजी. त्यांचा तिसरा चुकला आणि मेसेज बंद झाले. गुरुवारी दोघांना. शुक्रवारी फक्त मला. ज्यांचे चुकले त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फालतू मेसेज समजून पुसले, किंवा आपलंच नशीब तसलं समजून गप्प बसले.

सरलाकाकू दाराशी कानबाईच्या नारळाला हळद लावत होत्या. ऐकत सगळं होत्या, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. मला कळलं, फोन दाखवून त्यांना हे पटणार नाही. त्यांनी विश्वास मेसेजवर ठेवलाच नव्हता. माझ्यावर ठेवला होता.

माझ्या जागी आणखी एकाला घेऊन मी अठरा जणांना गच्चीवर उभं केलं. काकूंना समोर खुर्ची दिली, त्यांच्या हातात दोन रुपयांचं नाणं दिलं. डावीकडच्या नऊ जणांना सांगितलं, तुम्ही छापा म्हणा. उजवीकडच्यांना सांगितलं, काटा म्हणा. "काकू, उडवा. ज्यांचं चुकलं ते खाली बसतील."

काटा आला. नऊ बसले. उरलेल्यांचे परत दोन भाग केले. चार उरले, मग दोन, मग एक. चार वेळा नाणं उडालं आणि गच्चीवर चारही वेळा खरं बोललेला एकच माणूस उभा होता, सुकलाल भाऊजी. ते स्वतःच चकित होऊन स्वतःच्या हाताकडे बघत होते.

खाली बसलेल्यांतून त्यांची बायको म्हणाली, "घ्या, त्रिकालज्ञानी. बारडोलीची बस कुठून सुटते ते आजवर सापडलं नाही यांना."

गच्ची हसली. वाल्मिक पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता, तो हसला नाही. मी काकूंपुढे बसले.

"काकू, भाऊजींना नाण्यातलं काही कळतं का? नाही ना. अठरा जण उभे केले की कोणी तरी एक उभा राहणारच. चौसष्टशे उभे केले की पाच दिवसांनी दोनशे राहणार. त्यांनाच हॉलमध्ये बोलावलं. चुकलेल्यांना निमंत्रणच नव्हतं, मग हात खाली कुणाचा असेल?"

काकूंनी नाणं माझ्या हातात परत दिलं.

"म्हंजे तू बी अशीच उभी ऱ्हायनी?"

"हो काकू. मला काही कळत नव्हतं, मी फक्त उभी राहिले. नंबरही मीच दिले. सहीला बोट मीच लावलं."

काकू उठून खाली गेल्या, नारळाची हळद पुरी केली. पंगतीत मी त्यांच्या पानात रोट वाढला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, पण पानही बाजूला सारलं नाही.

सोमवारी कानबाईला तापीत निरोप द्यायला घरातले गेले तेव्हा मी आणि वाल्मिक पांडेसऱ्याला गेलो. सर हात वर करायला सांगत होते. हात वर गेले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, ज्यांना चुकीचं सांगितलं ते कुठे बसलेत?" दोन्ही फोन दाखवले. सर गोड आवाजात म्हणाले, "बेसी जाव, बेन. शंका घेतलीत, तुमची विद्या सांडली." काही जण हसले. मेडिकलवाल्याने माझ्या हातातून आबांचा फोन घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला. आमच्यामागून अकरा जण जिना उतरले. बाकीचे बसून राहिले. त्यांचा मला राग आला नाही. दोन आठवड्यांपूर्वी मीही बसून राहिले असते आणि उठणाऱ्या बाईकडे तसंच पाहिलं असतं.

सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे. चार दिवसांनी हॉलला कुलूप लागलं, आत समई तेवढी राहिली. काकूंचे तीन लाख वाचले, एफडी मोडल्याचा भुर्दंड बसला. एकवीस हजार गेले. मी ते महिन्याला थोडे थोडे देते. त्या घेतात, मोजत नाहीत. मोजले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाजार शिकायचाच असेल तर शिका, त्यात पाप नाही. पण हळू शिका, कंपनीचे कागद वाचायला शिका, बुडाले तर चूल बंद पडणार नाही एवढेच पैसे लावा. आपलं खातं, आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंद आहे का ते स्वतः पाहा. आणि कोणी पाच वेळा खरं ठरला म्हणून हात जोडावेसे वाटले, तर आधी चुकलेल्यांना शोधा. ते कुठे तरी असतातच, गप्प बसलेले, बहुतेक वेळा आपल्याच घरात.

गेल्या आठवड्यात काकू पोस्टाच्या बचतीचा फॉर्म घेऊन आल्या. मी पेन उघडलं, सही कुठे करायची ती जागा शोधू लागले. त्यांनी फॉर्मवर हात ठेवला.

"पहिले वाच," त्या म्हणाल्या. "पुरं वाचीसन सांग. मंग बोट दाखाड."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.