चप्पल नंबर बेचाळीस

न्याय बघायचा असेल तर कपाशीचं बियाणं आल्यावर पाचोऱ्याला हेमराजच्या दुकानासमोर या. भर उन्हात ओळीत आमच्या चपला उभ्या असतात आणि आम्ही समोरच्या लिंबाखाली गप्पा छाटतो. सरपंचाचा बूटसुद्धा सालदाराच्या स्लिपरमागे मुकाट थांबतो. हा नियम ओळीची वही सांभाळणाऱ्या प्रेमराज नानांचा, आणि मला त्याचा भारी अभिमान.

त्या दिवशी भिकुबाई अक्का आल्या आणि ओळीत स्वतःच उभ्या राहिल्या.

"अक्का, आठे फक्त चपला," नाना म्हणाले. "मानसं लिंबखाले."

"चप्पल रस्तामा तुटी गयी, फेकी दिधी. मी सोता उनू ना!"

"बठ्ठासले एकच नियम शे." नानांच्या वहीत सगळे सारखे.

ओळीत नंबर लावलेल्या नवलने आपली दुसऱ्या पायातली चप्पल देऊ केली, तर नानांनी त्यालाच झापलं. एका माणसाचे दोन नंबर कसे होतील?

अक्कांचं दीड एकर रान तयार होतं. पुढचा माल येणार नव्हता. आज दोन पाकिटं मिळाली नाहीत तर यंदा रान पडीक. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाईटही वाटत होतं, अगदी मनापासून. पण वाईट वाटलं म्हणून काय नियम मोडायचा?

तेवढ्यात एका कुत्र्याने उकिरड्यावरून कोणाची तरी चप्पल ओढत आणली, थोडी चघळली आणि ओळीच्या शेवटी टाकून दिली. नानांनी चष्मा लावून ती बघितली आणि वहीत लिहिलं, नंबर बेचाळीस.

शटर उघडलं. धक्का नाही, बुक्की नाही, एकेचाळीस जणांनी शिस्तीत बियाणं घेतलं. दोनच पाकिटं उरली.

"बेचाळीस कोणाचा?" हेमराजने विचारलं.

अक्का म्हणाल्या, "मी शे ना उभी."

नाना विचारात पडले. मग त्यांनी दोन्ही पाकिटं अलगद त्या चपलेवर ठेवली. मालक येईल तेव्हा घेईल, त्याचा हक्क बुडता कामा नये. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आता सांगताना लाज वाटते.

राहता राहिला प्रश्न राखणीचा. आम्हाला घरी जायची घाई, आणि उघड्यावरची पाकिटं कोणीही उचलली असती. कधी कोणाच्या काडीला हात न लावणारं माणूस गावात एकच होतं. म्हणून राखणीला आम्ही भिकुबाई अक्कांनाच बसवलं.

त्या बसल्या.