तांबडी पिढी

धम्मरत्न महाळुंग्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांचा रंग तपासायचा. दिव्याखाली बंपर आला रे आला, की लाल छटा कुठे उतरलीय ते त्याला दिसायचं. घरी, चिखलीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत, तो झेब्रा फिंच पाळायचा. चिमणीहून लहान, करडे पक्षी. नराच्या गालावर केशरी ठिपका आणि छातीवर काळा पट्टा. हा पट्टाच काळ्याऐवजी तांबडा असलेला एक नर त्याने देहूच्या, जुन्या पक्षी पाळणाऱ्या उद्धवरावांकडून आणला आणि मग त्याच्या डोक्यात एकच खूळ बसलं: आपल्या घरची, पक्क्या रंगाची तांबडी पिढी.

तो नर साध्या मादीला लावला, तर नर पिल्लं सगळी काळ्या पट्ट्याचीच निघाली. उद्धवराव हसले.

“रंग गेला न्हाई राव, आत दडलाय. आईकडून आन् बापाकडून, दोन्हीकडून आला तरच वर येतो. लेक बापालाच लाव.”

त्याने लावली. त्या जोडीच्या दोन पिल्लांच्या छातीवर तांबूस झाक आली. एक नर, एक मादी. आता हे भाऊबहीणच एकमेकांना लावायचे, म्हणजे रंग आणखी चढेल, असं त्याने ठरवलं.

या सगळ्यात त्याच्या जोडीला असायची ती त्याची मुलगी उत्कर्षा. ती तळवड्याच्या एका कंपनीत ड्राफ्टिंग करायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गॅलरीतला चिवचिवाट तिच्यापर्यंत पोचायचा नाही. पण कुठली मादी अंड्यांवरून सारखी उठतेय, कुठलं पिल्लू मागे पडतंय, हे बापाच्या आधी तिला कळायचं. बापलेक हातांनी बोलत आणि बरंचसं ती ओठांवरून ओळखत असे.

भाऊबहिणीच्या जोडीची बहुतेक अंडी फुकट गेली. दोन पिल्लं बाहेर आली, त्यातलं एक सकाळी मेलेलं सापडलं. दुसरं वाढलं, पण त्याचा एक पाय बाजूला फाकलेला. त्याला दांडीवर बसता येईना. पिसं बदलली तेव्हा मात्र धम्मरत्न बघतच राहिला. इतका गडद तांबडा त्याने कुठल्याच पक्ष्यावर पाहिला नव्हता.

उद्धवराव रविवारी बघायला आले. पिल्लू तळहातावर घेऊन म्हणाले, “रंग काय पडलाय बघ! पर ह्यो ठेवू नको. ह्याची पिल्लं काढशील तर समदी लाइन बिघडंल.” आणि त्यांनी हात झटकल्यासारखा केला.

उद्धवरावांच्या भरघोस मिशांमुळे उत्कर्षाला त्यांचे ओठ वाचता येत नसत. ते गेल्यावर तिने बापाला विचारलं, “काय म्हणाले?”

“पाय अधू आहे म्हणाले.”

“नाही. त्यांनी हात असा केला.” तिने तो हात तसाच करून दाखवला. मग विचारलं, “हे असं का झालं याचं?”

धम्मरत्नने सरळ सांगितलं. याचे आईबाप सख्खे भाऊबहीण. एकाच रक्तात जोड्या लावल्या, की रंगासारखे आत दडलेले दोषही वर येतात. त्याचे हात सवयीने चालत होते. शेवटच्या शब्दाला ते थबकले, पण तोवर उशीर झाला होता. उत्कर्षाने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

“आई तुझ्या मामाची मुलगी.”

त्याने मान डोलावली.

“मग मी?”

त्याची बायको आम्रपाली कणकेच्या हातांनी दाराशी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. हात न धुताच ती हातांनी म्हणाली, “हो. तू लहान असताना डॉक्टरांनी विचारलं होतं, नात्यातलं लग्न आहे का म्हणून. त्यामुळे असू शकतं म्हणाले. आत्याला मीच सून हवी होते, आणि मलाही हेच घर हवं होतं.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुला वाटलं असतं, तू चुकून झालीस.”

उत्कर्षाचा चेहरा ताठ झाला. “हे तुम्ही ठरवलंत,” ती तोंडाने बोलली. घरात ती क्वचितच तोंडाने बोलायची.

त्यानंतर ती कामाला जायची, जेवायची, पण दोघांशी बोलायची नाही. ते पिल्लू तिने आपल्या खोलीत नेलं, एका बसक्या खोक्यात फडकं अंथरून ठेवलं. धम्मरत्नने तांबडी भाऊबहिणीची जोडी वेगळी केली आणि त्यातल्या नरासाठी चाकणच्या एका पाळणाऱ्याकडून नात्यात नसलेली साधी मादी आणली.

“आरं, दोन वर्सं मागं जाशील,” उद्धवराव कळवळून म्हणाले.

“जाऊ दे की.”

नव्या जोडीची पिल्लं सगळी साधी करडी, तांबडी झाक नसलेली निघाली, पण धडधाकट. ती दांडीवर ओळीने बसली तेव्हा उत्कर्षा बऱ्याच दिवसांनी गॅलरीत आली. बराच वेळ बघत राहिली.

“मला तपासून घ्यायचंय,” ती हातांनी म्हणाली. “तुम्ही दोघं चला.”

अधू पक्षी दिवाळीच्या सुमाराला गेला. सोसायटीच्या बागेत तिने त्याला पुरलं, कुणाला मदत करू दिली नाही. पुढच्याच आठवड्यात तिघं दवाखान्यात गेली. रक्त दिलं, वाट पाहिली. मग बोलावणं आलं. उत्कर्षाला ओठ दिसावेत म्हणून डॉक्टरबाईंनी मास्क काढला आणि सावकाश सांगितलं: कारण तेच. आईकडून आणि वडिलांकडून एकच दोष आला. उत्कर्षाने पुढे नात्याबाहेर लग्न केलं, तर बहुतेक करून मुलांना ऐकू येईल.

उत्कर्षाने मान हलवली. मग हातांनी काही विचारलं. डॉक्टरबाईंनी आम्रपालीकडे पाहिलं.

“ती विचारतेय, आणि नाही आलं तर?”

आम्रपाली डॉक्टरबाईंच्या उत्तरासाठी थांबली नाही. ती लेकीकडे वळून हातांनी म्हणाली, “तर मी त्यांना बोलायला शिकवीन. तुला शिकवलं तसं.”

धम्मरत्नला काहीतरी बोलायचं होतं. त्याचे हात वर आले. उत्कर्षाने ते हात धरले, खाली घेतले आणि उठेपर्यंत सोडले नाहीत.