सोमवारचा बैल

वेबसाईट बनवून देणाऱ्या अवंतिकाच्या हातात दोनच गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एकाच्या भाच्याने कॉम्प्युटरचा क्लास केला आणि ते सुटलं. उरले गडहिंग्लजचे मिरचीचे व्यापारी सिद्धरामअण्णा. दोन हजार तीन साल होतं. वेबसाईटचं नाव काढलं की कोल्हापुरातले दुकानदार आधी प्रेमाने चहा पाजायचे आणि मग नको म्हणायचे. अण्णांनी मात्र होकार दिला होता, एका अटीवर. त्यांच्या घरात सोमवारी बैलाला जुंपत नसत, दुकान उघडत नसत. मग वेबसाईटने तरी का राबावं?

म्हणून दर सोमवारी सकाळी अवंतिका राजारामपुरीतल्या नेट कॅफेत जाई, साईटवरच्या मिरच्या उतरवी आणि एकच चित्र चढवी. झाडाखाली बसलेला पांढरा बैल, खाली ‘आज विसावा’. मंगळवारी पुन्हा मिरच्या. चित्र वरून खाली सावकाश उमटायचं, आधी झाडाचा शेंडा, मग शिंगं, मग मिटलेले डोळे. बघता बघता तिची तंद्री लागे. कुठल्या कुठल्या गावांत, समुद्रापलीकडच्या परक्या खोल्यांत आपला बैल आता रवंथ करत बसला असेल, असं तिला वाटे. शेजारची कुजबुज विरून जाई आणि चक्क कडब्याचा वास येई. वेडेपणाच तो, पण आठवड्यातलं तेवढंच काम तिला मनापासून आवडे.

एका सोमवारी ती तापाने फणफणली. दिवसभर स्वप्नात बैल चालतच राहिला, पाठीमागे पोत्यांनी भरलेली गाडी. शुद्धीवर आली तेव्हा मंगळवार उजाडला होता, आणि सोमवारी साईट उघडीच राहिल्याचं अण्णांच्या बेळगावच्या जावयाने त्यांना कळवलंही होतं. त्याच आठवड्यात वर्षाच्या कामाची बोली संपत होती. हे गिऱ्हाईक गेलं तर बाबांनी बघून ठेवलेली शाळेतल्या कारकुनाची नोकरी धरायची, हे ठरलेलं होतं. बुधवारी ती गडहिंग्लजच्या एसटीत बसली.

अण्णा रागावले नव्हते, चक्रावले होते. आपोआप झोपणारी वेबसाईट जागी राहिलीच कशी, असं त्यांनी विचारलं. तिने खरं ते सांगून टाकलं. आपोआप काही होत नाही, दर सोमवारी ती स्वतः जाऊन करते, परवा ताप होता.



“म्हंजे बैल सोडला आणि तुला जुंपलं व्हय मी,” अण्णा म्हणाले. “आता सोमवारी उघडी ऱ्हाऊ दे ती. मशीनच हाय, तिला काय हुतंय? पर सोमवारी तू हात लावायचा न्हाय. कबूल असंल तर फुडच्या वर्साचं काम तुझं.”

परतीच्या गाडीत तिला आनंद झाला, आणि बैल गेला म्हणून वाईटही वाटलं. खिडकीबाहेर उसाचे तुरे उन्हात डुलत होते. स्वतःचा धंदा सुरू केल्यापासून तिला कुणीच सुट्टी दिली नव्हती, तिची तिनेही नाही. पहिली सुट्टी दिली ती गिऱ्हाइकाने. अवंतिकाने पदराआड तोंड लपवलं आणि कोल्हापूर येईपर्यंत ती रडली.