माझ्या चाकाखालची वीट

बाजूला व्हा आधी. मी लारी बोलतेय. माझं चाक कुणाच्या पायावरून गेलं की लोक मलाच शिव्या घालतात, पाय कुठे ठेवला होता ते कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे मला हातगाडी म्हणत असतील. आमच्या सुरतेत लारी. चार चाकं, वर फळ्यांचा ओटा, खाली एक कप्पा, चार कोपऱ्यांना चार दांडे आणि त्यांवर ताडपत्री. माझा धंदा केळ्यांचा होता. होता म्हणते, कारण हल्ली मी पलंग आहे. हसा, हसून घ्या. मीसुद्धा सुरुवातीला हसले होते, पण फळ्या करकरतात म्हणून बंद केलं.

माझा जन्म सुरतेतल्या बमरोलीचा. अमळनेरकडून आलेला माझा मालक दगा तिथं कापडाच्या लूमवर काम करायचा. खटखट ऐकून ऐकून त्याचं डोकं उठलं, तेव्हा त्यानं सुकदेव मिस्त्रीकडून मला बनवून घेतलं. पहिल्या दिवशी माझ्या चाकांना हळदकुंकू लागलं, दांड्याला लिंबू-मिरची लागली आणि नारळ फोडायला दगड सापडेना म्हणून तो माझ्याच अंगावर फोडला. खोक अजून आहे. मी मनावर घेतलं नाही, शुभकार्य होतं.

दगा माणूस सरळ, पण भावाच्या बाबतीत अगदी अडेल. एकदा चाळीस म्हणाला की चाळीस. गिऱ्हाईक केळं दाबून बघायचं, दुसऱ्या फणीतलं एक तोडून आपल्या फणीत घालायचं, ऐकलेला भाव परत विचारायचं आणि मग तोंड वाकडं करून निघायचं. ते दोन पावलं गेलं की शेजारी बसलेली त्याची बायको सरलाबाई हळूच म्हणायची, "दोन डझन घ्या, तीसनं देऊ." झालं, गिऱ्हाईक मागे फिरायचं. वर्षं गेली, पण दगाचा ताठा आणि सरलाबाईचं वाक्य बदललं नाही. खरं दुकान तीच चालवत होती, हे मला आणि केळ्यांना ठाऊक होतं.

त्यांना दोन मुली. थोरली मयुरी माझ्या ओट्याच्या कडेला बसून पाढे म्हणायची. धाकटी चंचल तेव्हा एवढीशी होती, ती खालच्या कप्प्यात गोणपाटावर झोपायची. तिची एक खोड होती. मी चालत असले की पोरगी गाढ झोपायची, थांबले की भोकाड पसरायची. मग दगा एका पायानं माझं चाक पुढेमागे हलवत राहायचा, हातानं केळी मोजायचा आणि तोंडानं ओरडायचा. माणसाला एकाच वेळी किती कामं येतात, ते मी दगाकडे बघून शिकले.

पुढे त्यांनी बमरोलीतच घर बांधलं. रस्त्यावर उभी असताना एकदा माझं एक चाक चोरीला गेलं होतं, म्हणून दगानं घर बांधणाऱ्या मिस्त्रीला सांगितलं की मागची खोली लारीसाठी ठेव आणि तिला रुंद, दोन झडपांचं दार कर. ऐकलंत ना? त्या घरात माणसांच्या आधी मला खोली मिळाली. सरलाबाईनंही एक गोष्ट सांगितली. तिला गावाकडच्यासारखं बादल्या ओतून घर धुवायचं होतं, पाणी आपोआप बाहेर गेलं पाहिजे. मिस्त्रीनं तिचं म्हणणं फारच मनावर घेतलं. माझ्या खोलीपासून हॉलमधून पुढच्या दारापर्यंत त्यानं असा काही उतार दिला, की स्वयंपाकघरात लिंबू पडलं तर ते शोधायला घरातले लोक सरळ पुढच्या दाराशी जातात. म्हणून माझ्या पुढच्या चाकाखाली कायम एक वीट असायची.

मग बरे दिवस आले. सुरतेतच पर्वत पाटियाजवळ दगाचं फळांचं दुकान झालं, काचेचं दार, आत गारवा. सगळ्यांना आनंद झाला, फक्त मला कुणी बोलावलं नाही. मी खोलीत उभी राहिले. माझ्यावर आधी गोधड्या आल्या, मग चाळण्या, मग कुणाच्या तरी लग्नातले डबे, मग सहा महिने व्यायाम करायचा म्हणून आणलेलं आणि सहा दिवसांत थकलेलं एक यंत्र. रिकामी जागा दिसली की माणसाच्या पोटात दुखतं.

चंचल पंधरा वर्षांची झाली आणि तिनं जाहीर केलं की मला माझी खोली पाहिजे. म्हणजे माझी. माझ्या फळ्या थरथरल्या. सरलाबाई म्हणाली, बरोबर आहे, लारी भंगारात देऊ आणि पोरीसाठी छान पेटीपलंग आणू, गहू आणि गोधड्या आत राहतील. चंचल म्हणाली, मी गव्हावर झोपणार नाही.

तिथून पलंगशोध सुरू झाला. दुकानात जाऊन आले, एकही पसंत नाही. एक फार पलंगासारखा दिसतो म्हणे. मग पोरगी माझ्यावरच्या गोधड्या बाजूला सारून ओट्यावर बसली आणि मोबाइलवर पलंग बघायला लागली. छताला टांगलेला, होडीच्या आकाराचा, टायरांवरचा, गोल. गोल पलंगावर उशी कुठे ठेवायची, यावर बापलेकीत अर्धा तास चर्चा झाली. पोरीला काहीतरी हटके हवं होतं. आईला हटके म्हणजे काय ते कळेना, ती म्हणाली, झोपायला काय हटके, डोळे तर मिटायचेच असतात.

अशीच एका दुपारी बघता बघता चंचल माझ्यावर आडवी झाली आणि झोपून गेली. मला काय वाटलं, सांगू? एवढी लांब झालेली पोर, पाय बाहेर लोंबत होते, पण श्वास तोच कप्प्यातला. मी एकही फळी करकरू दिली नाही.

उठल्यावर तिनं सांगितलं, पलंग सापडला.

सरलाबाईनं कपाळावर हात मारला. "हाई लारी शे, पलंग नही," ती म्हणाली. "लोके काय म्हनतीन?" उन्हातान्हात उभं राहून आपण लारीवरून दुकानात गेलो ते पोरीनं परत लारीवर चढावं म्हणून का, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. तिचंही खोटं नव्हतं. माझ्या शेजारी उभं राहून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या.

चंचलनं हुज्जत घातली नाही, हे नवलच. ती एवढंच म्हणाली, "मम्मी, मला दुसरीकडे अशी झोपच लागत नाही. मी काय करू?"

दगा एवढा वेळ खिडकीबाहेर बघत होता. त्याला हो म्हणायचं होतं, पण बायकोसमोर म्हणवत नव्हतं. शेवटी सरलाबाईनंच तोडगा काढला. मयुरीसाठी बारडोलीचं स्थळ आलं होतं, मुलाचे वडील योगराजभाऊ साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. सरलाबाईनं त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं की आमचं पहिल्यापासून दुकानच आहे. तेव्हा अट अशी: लारीवर खुशाल झोप, पण पाहुण्यांना लारी दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती भंगारात. चंचलनं अट मान्य केली. मला कुणी विचारलं नाही, नाहीतर मी चर्चा केली असती.

माझा मग नट्टापट्टा झाला. ओट्यावर गादी, दांड्यांना ताडपत्रीऐवजी मच्छरदाणी आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. जिथं केळ्यांचे घड टांगायचे तिथं चार्जर. खालच्या कप्प्यात दप्तर, बूट आणि न धुतलेले मोजे. केळ्यांचा वास बरा होता, असं मोजे आल्यावर वाटलं. चाकं काढू या, असं मयुरी म्हणाली, पण दगानं पहिल्यांदा आवाज चढवला. चाकं काढायची नाहीत. वीट आहे ना.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. सरलाबाईनं पहाटेपासून बादल्या ओतून घर धुतलं. पाण्यानं फुगलेलं दार लागेना, म्हणून माझ्यापुढे जाड पडदा लावला. चंचलला बजावलं की आतच बस, आवाज करू नको, पाहुणे गेल्याशिवाय बाहेर येऊ नको. धुताना तिला माझ्या चाकाखालची वीट दिसली. ओली झाल्यावर तिचा लाल चिखल फरशीवर पसरत होता. आणि बाहेर गेट वाऱ्यानं सारखं बंद होत होतं, पाहुण्यांची गाडी आत यायची होती. सरलाबाईनं वीट उचलली आणि गेटला अडकण लावली. फरशी स्वच्छ झाली, गेट उघडं राहिलं, ती खूश. मी मात्र दोन फरशांमधल्या फटीवर चाक टेकवून जीव मुठीत धरून उभी राहिले. मूठ नाही मला, पण समजून घ्या.

पाहुणे आले. योगराजभाऊ, त्यांची बायको आणि मुलगा किरण. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं. चंचल आधी कान लावून बसली, मग आडवी झाली, मग झोपली. हॉलमध्ये मयुरीनं चहा दिला. किरण कपात बघत होता, मयुरी ट्रेकडे बघत होती, म्हणजे काम जमण्यासारखं होतं. योगराजभाऊंनी घसा खाकरून विचारलं की दुकान कधीपासूनचं. सरलाबाई म्हणाली, पहिल्यापासूनच.

नेमकी त्याच वेळी चंचलनं झोपेत कूस बदलली आणि पाय दाणकन भिंतीला लावले.

मी सुटले. मी थांबायचा प्रयत्न केला, पण धुतलेली फरशी, तेल घातलेली चाकं आणि मिस्त्रीचा उतार. दोन झडपांच्या दारातून मी सरळ हॉलमध्ये निघाले. पडदा माझ्या दांड्यांना अडकून मागे झालरीसारखा लोंबत होता, दिव्यांची माळ लुकलुकत होती आणि वर मच्छरदाणीत चंचल तोंड उघडं टाकून झोपली होती. वरातीतही एवढा थाट नसतो.

दगा खुर्चीवरून उठला. त्यानं विचार केला नाही, शपथेवर सांगते. त्याचा पाय आपसूक माझ्या चाकाला लागला, हात दांड्यावर आला, मी जागच्या जागी थांबले आणि माझा थांबा झाला की त्याच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"चाळीसला डझन, चाळीस!"

योगराजभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर बाजार करणारा माणूस तो. त्यांचंही तोंड त्यांच्या ताब्यात राहिलं नाही.

"तीस लावा."

"चाळीसच्या खाली परवडत नाही," दगा म्हणाला, अगदी ताठ.

योगराजभाऊंनी तोंड वाकडं करून मान फिरवली. आणि मान फिरली की पुढे काय व्हायचं, ते तुम्हाला माहीत आहे. सरलाबाई हातातला पोह्यांचा चमचा खाली ठेवून गोड आवाजात म्हणाली, "दोन डझन घ्या, तीसनं देऊ."

म्हणाली आणि पदर तोंडावर धरला. किरणच्या आईनं माझ्या चाकांपासून लिंबू-मिरचीच्या दोऱ्यापर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, "म्हणजे लारी होती?"

आता मी गेले, असं मला वाटलं. मयुरीनं ट्रे घट्ट धरला होता. सरलाबाईनं एकदा दगाकडे बघितलं, एकदा मच्छरदाणीत अजूनही घोरणाऱ्या लेकीकडे. मग पदर खाली आला.

"होती," ती म्हणाली. "दोन्ही पोरी हिच्यावरच वाढल्या. लपवलं, ते चुकलं माझं."

कुणी काही बोलणार, तेवढ्यात किरणला हसू आलं. दाबलेलं हसू, आणि तोंडात चहा. चहा नाकातून आला, ठसका लागला, आणि मयुरीनं कुणाची वाट न बघता त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. चंचल त्या आवाजानं जागी झाली, जाळीतून सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं की पाहुणे गेले का. योगराजभाऊ डोळे पुसत पुसत हसले. मुलाच्या पाठीत धपाटे घालणारी सून त्यांच्या घरी चालणार होती.

ते गेल्यावर सरलाबाई उठून बाहेर गेली. दगा आणि चंचल एकमेकांकडे बघत राहिले. अट अटच होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात वीट होती. तिनं मला दगाच्या मदतीनं खोलीत ढकललं, खाली वाकली, वीट माझ्या चाकाखाली ठोकून बसवली आणि हात झटकले.

"हाई आठेच ऱ्हाई," ती म्हणाली, म्हणजे मी इथंच राहणार.

आता मयुरी बारडोलीला नांदते. मी आहे तिथंच आहे. दुपारी दुकानातून जेवायला आलं की दगा माझ्या कडेला टेकतो आणि नकळत पाय चाकाकडे नेतो. सरलाबाई ओरडत नाही, उलट कधी कधी स्वतःच चढून बसते आणि भेगाळलेल्या टाचा हलवत शेंगा सोलते. टरफलं गादीवर पडतात, मी सहन करते.

तुम्ही आमच्याकडे आलात तर या, बसा, फळ्या मजबूत आहेत. मोज्यांचा वास आला तर तो माझा नाही. फक्त विटेला हात लावू नका, पोर झोपली आहे. आणि भाव विचारायचाच असेल, तर सरलाबाईला विचारा. दगा कमी करत नाही.