सातव्या ताऱ्याची जागा

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना साचा आहे. मला पाच टोके आहेत, पाठीवर पकडायला लहानशी मूठ आहे आणि माझा विस्तार माणसाच्या तळहाताएवढा आहे. मला कापडावर ठेवायचे, कडेने खडू फिरवायचा आणि त्या रेघेवरून कात्री चालवायची, की तारा तयार. जन्म एका ओतकाम करणाऱ्याच्या भट्टीतला. पण तिथली आठवण म्हणजे केवळ उष्णता, म्हणून ती बाजूस ठेवतो. माझे आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झाले ते एका जुन्या इमारतीच्या तळघरात. तिथे निरनिराळ्या देशांचे ध्वज शिवले जात.

तळघराच्या भिंतीवर जगातल्या सर्व ध्वजांचा तक्ता लावलेला होता. तो वर्षानुवर्षे पाहून माझे एक मत बनले आहे. पुष्कळांना वाटते की ताऱ्याला स्वतःचा अर्थ असतो. मला हे मान्य नाही. घानाच्या ध्वजावर तारा काळा असतो आणि आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची खूण ठरतो. सोमालियाच्या निळ्या ध्वजावर तोच पांढरा होतो आणि त्याची पाच टोके सोमाली लोकांचे पाच प्रदेश दाखवतात. ब्राझीलच्या ध्वजावर लहानमोठ्या ताऱ्यांचे आकाश होते आणि त्यातल्या बहुतेक ताऱ्यांमागे एकेक राज्य उभे असते. नेपाळने तर आयताची चौकटच नाकारून दोन त्रिकोणांवर चंद्रसूर्य बसवले. तिथे माझे काही काम नाही आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. आकृती तीच राहते, अर्थ माणसे देतात. जे माणसे देतात ते माणसेच काढून घेऊ शकतात, हा या विधानाचा दुसरा भाग आहे. तो मला पुढे शिकावा लागला.

कापणीचे मास्तर हे त्या तळघराचे प्रमुख. अतिशय काटेकोर गृहस्थ! "टोक म्हणजे टोक," ते म्हणत. "बोथट तारा म्हणजे बिस्कीट. ध्वजावर बिस्कीट लावायचं का आपण?" शिवणकामाला दोघीजणी होत्या, नणंद आणि भावजय. नणंद बडबडी, वहिनी मितभाषी. पण वहिनीने तोंड उघडले की नेमके बोलायची.

"मास्तर, डोळ्यांत एवढं तेल घालता," ती एकदा म्हणाली, "एक दिवस वात लावली तर कंदील होईल तुमचा."

"तुझी शिवण बघायला कंदीलच लागतो," मास्तर म्हणाले. नणंद इतकी हसली की तिच्या सुईतला दोरा निसटला.

ते तळघर ज्या देशात होते, त्याच्या स्वतःच्या ध्वजावर निळ्या कापडात सात प्रांतांचे सात पांढरे तारे होते. सातवा तारा कमानीच्या अगदी टोकाला, उत्तरेकडच्या प्रांताचा. वहिनी त्या प्रांतात जन्मली होती. पुढे युद्ध झाले, तो प्रांत हातचा गेला, आणि त्याच्यासाठी लढताना वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा भाऊ, मारला गेला. युद्ध संपल्यावर तिकडे जन्मलेल्या सर्वांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. वहिनीला शहरात राहण्याचा परवाना होता, पण तो मास्तरांच्या शब्दावर टिकून होता. कामावरून गेली तर सीमेपलीकडे धाडतील, आणि तिकडे तिचे कोणी उरले नव्हते. तिचे घर म्हणजे आता नणंदच.

अशात हुकूम आला, की सरकारी इमारतींवरच्या ध्वजांत यापुढे सहाच तारे दिसले पाहिजेत, आणि तेही ताबडतोब. नवे कापड बाजारात मिळत नव्हते. म्हणून मास्तरांनी ठरवले की जुने ध्वज उतरवून आणायचे आणि सातवा तारा उसवून परत द्यायचे. त्यांनी आधी कपाटातल्या एका कोऱ्या ध्वजावर प्रयोग केला. तारा निघाला, सुईची भोके ओल्या फडक्याने आणि इस्त्रीने मिटली, खूण राहिली नाही.

"वहिनी, तू नको बसूस या कामाला," मास्तर म्हणाले.

"का बरं? मीच काढते. दुसऱ्या कुणी ओढला तर टोक फाटेल."

मास्तर तक्त्याकडे बोट करून म्हणाले, "तो कोमोरोसचा ध्वज बघ. चार बेटांचे चार तारे. त्यातल्या एका बेटावर त्यांचं राज्य चालत नाही, पण तारा तिथंच आहे."

"त्यांचं नशीब," वहिनी म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचा सारा अनर्थ तिच्यातून उद्भवला. त्या तळघरातल्या माणसांनी आयुष्यभर ध्वज शिवले, पण जुना झालेला ध्वज त्यांच्यापैकी कोणी हाताळलाच नव्हता. ध्वज तिथून कोरा बाहेर पडे आणि कधी परत येत नसे. वारा आणि ऊन कापडाचे काय करतात, हे त्यांना ऐकून ठाऊक होते, पाहून नव्हे. त्यातून तळघरात दिव्याचा पिवळा उजेड.

पहिला ध्वज मुख्य चौकात चढला तेव्हा नणंद मुद्दाम बघायला गेली होती. ती धापा टाकत जिना उतरली.

"मास्तर, तो दिसतोय!"

"कोण दिसतोय?"

"सातवा! बाकीचं निळं विटलंय, आणि त्याच्या जागेवर गर्द निळा तारा. उन्हात असा उठून दिसतोय की विचारू नका. लोक बोटं दाखवतायत. एक म्हातारा तर टोपी काढून उभा राहिला."

मास्तर स्टुलावर बसले. "झाकलं होतं तेवढं विटलं नाही," ते पुटपुटले. "एवढं साधं कसं सुचलं नाही?"

वहिनी मात्र क्षणभर हसली. ते हसू मी पाहिले आहे, म्हणून ठामपणे सांगतो, त्यात कट नव्हता. परक्या गावात अचानक आपल्याकडचे कोणी भेटावे, तसे ते हसू होते. मग तिचा चेहरा उतरला.

अधिकारी आला तो सभ्यपणे बोलत आला. त्याने तो ध्वज मेजावर पसरला. मास्तरांनी ऊन, कापड, रंग, सर्व समजावून सांगितले आणि म्हणाले, "निर्णय माझा. चूक माझी."

"तुमच्यासारख्या काटेकोर माणसाची चूक?" अधिकारी म्हणाला. "हे कोण मानेल?" त्याने मला उचलले आणि त्या गर्द जागेवर ठेवले. मी टोकाला टोक लागून तंतोतंत बसलो. मास्तरांचा अभिमान होता तो, आणि आता तोच पुरावा झाला.

"उसवलं कुणी?"

वहिनीच म्हणाली, "मी."

"जन्म कुठला?"

तिने सांगितले. नणंद मध्ये पडली. "अहो साहेब, माझा भाऊ लढाईत मेला. ही त्याची बायको आहे!"

"म्हणजे रागाला कारणही आहे," अधिकारी म्हणाला.

वहिनीने हातातला दोरा गुंडाळून ठेवला. "वन्सं, गच्चीवरचे कपडे काढून घ्या, पाऊस येईलसं वाटतंय. येतेच मी."

तिला एका गाडीतून नेले, मला आणि त्या ध्वजाला दुसऱ्या. तळघराला टाळे लागले. मास्तरांना चौकशी करून सोडले, पण त्यांनी पुन्हा कात्री धरली नाही, असे मला फार पुढे नणंदेच्या तोंडून कळले.

मी एका सरकारी कोठारात पडून राहिलो. पडून राहिलो म्हणजे दुर्लक्षित राहिलो, असे कृपया समजू नका. मला तेल लावले गेले, मऊ कापडात गुंडाळले गेले. त्या ध्वजाच्या घडीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या गेल्या आणि त्या वेळच्या वेळी बदलल्या गेल्या. पुढे राज्य पालटले, नव्या सरकारने जप्त वस्तू परत देण्याचे ठरवले, आणि नणंद कोठाराच्या खिडकीपाशी आली. केस पांढरे झाले होते, बडबड पार आटली होती.

कारकुनाने मला आणि ध्वजाला तिच्यापुढे ठेवले. "बघून घ्या बाई. काही डाग, काही कसर?"

"नाही," ती म्हणाली. "आणि वहिनी?"

"माणसं आमच्याकडे नसतात. आमच्याकडे फक्त वस्तू."

मित्रांनो, वस्तूने आपली कहाणी सांगितली की शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करावी, असा प्रघात आहे. मला ती करता येत नाही. मला फार उत्तम जपले गेले. जपणूक कशी करावी हे त्या लोकांना पुरेपूर ठाऊक होते, आणि म्हणूनच मी त्यांना क्षमा करू शकत नाही. तुमच्यापैकी कोणी तरी उद्या अशा खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल. तेव्हा वस्तू शाबूत आहे की नाही हे सावकाश पाहा. समोरची बाई कोणाला शोधते आहे, हे आधी विचारा.

नणंद अजून हिंडते आहे. एका कचेरीतून दुसरीत, तुरुंगातून इस्पितळात, मला पिशवीत घालून. प्रत्येक खिडकीपाशी ती मला बाहेर काढते, फळीवर ठेवते आणि म्हणते, "हा मिळाला. आता तिला द्या."