तिसरी पायरी

“पैसे मिळाले नाहीत तर घरावर बोजा चढवीन, बाई!” लॉनी ब्रेकी अंगणातूनच ओरडला.

“चढव की. कॉफी घेतोस?”

“नको.”

“रुबार्बचा केक?”

“नको म्हटलं ना!”

आर्डिस टॉलेफसन दोन कप घेऊनच बाहेर आली. मिनेसोटात दोन नकार कुणी मोजत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस बसतो.

व्हरांड्याच्या नव्या पायऱ्या लॉनीने बांधल्या होत्या, हॉगेन कंत्राटदाराच्या हाताखाली. तिसरी पायरी अर्धा इंच उंच झाली, म्हणून आर्डिसने हॉगेनचा शेवटचा हप्ता अडवला आणि हॉगेनने लॉनीचा.

चौतीस वर्षं ती जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत खिडकीवर बसली होती. लोकांच्या घरांवरचे बोजे तिनेच शिक्के मारून नोंदवले आणि रडत आलेल्यांना पाणीही तिनेच दिलं. तिच्या घराच्या पानावर मात्र तिचं आणि नवऱ्याचं, वर्नरचं नाव, बस्स. वर्नर जाऊन दोन वर्षं झाली होती. ते पान तसंच स्वच्छ राहावं, एवढंच तिला हवं होतं.

“काम कधी सुरू केलंस?”

“मेमध्ये.”

“आता ऑगस्ट संपत आला. पंचेचाळीस दिवसांत घरमालकिणीला लेखी नोटीस द्यायची असते. दिलीस?”

“कसली नोटीस?”

“मग तुझा बोजा कोर्टात टिकायचा नाही. तरी नोंदणी कचेरीत जायचंच असेल तर दुसरी खिडकी, बरं का. पहिलीवर लग्नाचे परवाने देतात.”

लॉनी पायरीवर बसला. “म्हणजे माझी मेहनत फुकट?”

“फुकट कशाला? पायरी नीट कर. हॉगेनच्या हप्त्यातून कापून तुझे पैसे थेट तुलाच देईन, तोही माझा हक्क आहे. मग घरावर दावा नाही, असं लिहून सही कर. केक?”

“लहानसाच द्या.” पहिला घास पोटात गेल्यावर तो कुरकुरला, “पण चूक माझी नाही हो! हॉगेन म्हणाला, जुन्यासारख्याच कर. जुन्या जिन्याच्या बाजूची खाचा पाडलेली फळी होती ना, तिच्यावरूनच मी माप उतरवलं.”

त्याने गाडीतून ती फळी आणली. तिसऱ्या खाचेपाशी पेन्सिलीने वर्नरच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘एकदम बरोबर.’

आर्डिस इतकी हसली की कॉफी बशीत सांडली. “चाळीस वर्षं सांगत होते मी, पायरी उंच आहे म्हणून! म्हणायचा, तुझेच पाय आखूड. गेला, पण हेका काही सोडला नाही मेल्याने!”

लॉनीलाही हसू आवरेना. त्याने दुसरा तुकडा न विचारताच घेतला.

शनिवारी पायरी सारखी झाली. पैसे घेऊन लॉनीने कठड्यावर कागद ठेवून सही केली आणि उरलेला केक घेऊन तो गेला. त्याला निरोप देऊन आर्डिस अंगणातून वर निघाली. एक, दोन. तिसरीला तिचा पाय सवयीने अर्धा इंच जास्त उचलला गेला आणि अलगद खाली आला.